घर-दुरुस्ती सल्ला : ओल मोजायचा मीटर घ्यायचाय, कोणता घेऊ?

या वेळच्या टपालात ओलीची तीन पत्रं निघाली. पहिल्याला जागा जास्त लागणार आहे, बाकीच्या दोघांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पाचोऱ्याचा. सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, काही काळ साइटवर सुपरवायझर होतो. आता जळगाव-भुसावळ भागात लोकांना फ्लॅटचा ताबा घेण्याआधी घर तपासून रिपोर्ट द्यायचं काम सुरू केलंय. ओल मोजायला मॉइश्चर मीटर घ्यायचा आहे. ऑनलाइन बघितलं तर हजार-दीड हजारापासून पाच आकडी किमतीपर्यंत आहेत. काहींना पुढे दोन पिना असतात, काही नुसते भिंतीला टेकवायचे. दुकानदार म्हणतो बिनपिनचा घ्या, भिंतीला भोकं पडत नाहीत. बजेट बेताचं आहे. कोणता घेऊ? आणि किती टक्क्यांच्या वर गेलं की ‘ओल आहे’ असं लिहायचं?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. त्याचं उत्तर कळलं की खरेदीचं निम्मं काम होतं.

विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर मीटर जो टक्का दाखवतो, तो भिंतीतल्या पाण्याचा टक्का नसतो. पिनवाला मीटर दोन पिनांमधून अगदी बारीक वीज सोडतो आणि ती किती अडते ते बघतो. कोरडी वस्तू वीज अडवते, ओली जाऊ देते. पण तो अडथळा टक्क्यांत सांगायचं कोष्टक कंपनीने लाकडावर बेतलेलं असतं. प्लास्टरवर २२ आला तर त्याचा अर्थ एवढाच की त्या जागी लाकूड असतं तर त्यात २२ टक्क्यांच्या आसपास ओल असती. प्लास्टरमध्ये खरं पाणी त्यापेक्षा कितीतरी कमी असू शकतं. तुम्ही रिपोर्टात ‘भिंतीत २२ टक्के पाणी’ असं छापलंत, तर बिल्डरचा इंजिनिअर पहिल्याच बैठकीत तुम्हाला गप्प करेल, आणि तो चूक नसेल.

मग लिहायचं काय? त्याच घरात, त्याच मालाची, तशाच रंगाची, निर्विवाद कोरडी जागा शोधायची. हॉलमधली आतली भिंत, जिच्या मागे ना बाथरूम ना पाइप. तिथलं रीडिंग घ्यायचं, समजा ९ आलं. मग संशयाच्या भिंतीवर तळापासून वर वीतभर अंतराने रीडिंग घेत जायचं. ‘कोरड्या भिंतीवर ९, बाथरूमलगतच्या भिंतीवर स्कर्टिंगपाशी २६, कमरेच्या उंचीवर १७, खांद्याच्या वर १०’ असं लिहिलं की कुणाला काही बोलता येत नाही. ओल खालून येतेय हे त्या आकड्यांच्या उतरंडीतच दिसतं. छतातून येणारी असती तर उतरंड उलटी लागली असती, आणि भिंतीत मधेच कुठे फुटलेला पाइप असता तर मध्यभागी जास्त आणि चहूकडे कमी. आपल्याकडे लाल वीट, फ्लाय अ‍ॅशची वीट, जिप्सम प्लास्टर असं सगळं एकाच इमारतीत सापडतं. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची राख जवळ असल्यामुळे भुसावळकडे तर फ्लाय अ‍ॅशच्या विटा सर्रास. म्हणून प्रत्येक मालासाठी कोरडी जागा वेगळी धरायची. लाल विटेचा ९ फ्लाय अ‍ॅशच्या भिंतीला लावायचा नाही.

लाकडावर मात्र पिनवाला मीटर खरोखर टक्का सांगतो, आणि तिथे ठोकून बोलता येतं. बाथरूमच्या चौकटीचा पाय, खिडकीची खालची पट्टी, किचन ट्रॉलीमागचं प्लायवुड. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशी आणि कूज यांना वाट मिळते. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, मीटरवर लाकडाचे गट असतात, त्यात सागाचा गट माहितीपुस्तिकेत बघून लावा. बहुतेक मीटर मुळात परदेशी सूचीपर्णी लाकडावर बेतलेले असतात. दुसरी गोष्ट आपल्या उन्हाळ्याची. मीटर साधारण २० अंश तापमान धरून बेतलेला असतो. लाकूड तापलं की वीज सोपी जाते आणि आकडा फुगतो, दर ११ अंशांना अंदाजे एक टक्का. मे महिन्यात दुपारी पश्चिमेच्या चौकटीला हात लावून बघा, ४२ अंश सहज असेल. तिथे दोन टक्के वजा करायचे. महागड्या मीटरांत ही दुरुस्ती बसवलेली असते, स्वस्तात ती तुम्हाला वहीत करावी लागते. तेवढं गणित कुणालाही जमतं.

आता दुकानदाराकडे येऊ. बिनपिनचा मीटर भिंतीला सपाट टेकवायचा. तो आत विद्युतक्षेत्र सोडतो आणि साधारण पाऊण इंचापर्यंतचा माल कसा आहे ते एकत्र सांगतो. झरझर फिरवता येतो, टाइल्सवर चालतो, भोक पडत नाही, हे सगळं खरं. पण दुकानदाराने एक सांगितलं नाही. त्याला लोखंड आणि पाणी यांतला फरक कळत नाही. नव्या बांधकामात जिथे आरसीसी कॉलम आणि विटांची भिंत जुळते तिथे प्लास्टरखाली कोंबडीजाळी मारतात, तडा जाऊ नये म्हणून. त्या पट्ट्यावरून मीटर फिरवला की वरपासून खालपर्यंत कोकलत जातो. एका नव्या इमारतीत एका नवशिक्या इन्स्पेक्टरने याच पट्ट्याला ‘कॉलममधून गळती’ लिहून टाकलं होतं, आणि मालकाने ताबा अडवून धरला होता. ओळखायची खूण सोपी आहे. जाळी, सळई, कन्सील्ड पाइप यांचं रीडिंग सरळ रेषेत आणि सारख्या रुंदीत येतं. ओल अशी पट्टी मारल्यासारखी वागत नाही, तिचे काठ वेडेवाकडे असतात आणि आकडा हळूहळू उतरतो. शंका आली की तिथे पिना टोचून बघायच्या. बाहेरच्या खरबरीत प्लास्टरवर उलटी फसवणूक होते. मीटर नीट टेकत नाही, मधे हवा राहते आणि आकडा खोटाच कमी येतो.

त्यामुळे माझं मत असं : बजेट एकाच मीटरचं असेल तर पिनवाला घ्या. जमत असेल तर दोन्ही पद्धती एकाच यंत्रात असलेला घ्या, बिनपिनने शोधायचं आणि पिनांनी खात्री करायची. प्रोटिमीटरचा सर्व्हेमास्टर याच जातीचा आहे, या कामातले लोक तो जुन्या काळापासून वापरतात. नुसत्या बिनपिनमध्ये ट्रॅमेक्स आणि वॅग्नर, पिनवाल्यात डेल्महॉर्स्ट ही नावं भरवशाची. पण पहिल्याच वर्षी कर्ज काढून यातलं काही घेऊ नका. दोन-तीन हजारांचा पिनवाला घेतानाही चार गोष्टी बघितल्या की काम चालतं. पिना बदलता येतात का, कारण त्या वाकणार आहेतच. लाकडाच्या टक्क्याशिवाय बांधकामाच्या मालासाठी वेगळी श्रेणी किंवा नुसता तुलनेचा आकडा दाखवतो का. रीडिंग धरून ठेवायचं बटण आहे का, कारण सिंकखाली हात घालून टोचल्यावर स्क्रीन दिसत नाही. आणि टोपणात किंवा डबीत मीटर तपासायची सोय आहे का. टोपण लावून ठरलेला आकडा आला नाही तर सेल बदला, तरीही आला नाही तर त्या दिवशी काम करू नका. वायरने जोडायचा लांब प्रोब मिळत असेल तर उत्तमच. तुमच्या मीटरच्या पिना जेमतेम सेंटिमीटरभर जातात आणि काँक्रीटमध्ये तेवढ्याही जात नाहीत, नुसत्या टेकतात. आतलं बघायला भिंतीला दोन भोकं पाडून, टोकाशिवाय बाकी अंगावर आवरण असलेले प्रोब घालावे लागतात. उघडे खिळे ठोकून त्यांना पिना लावायचा जुगाड काही जण करतात, पण उघडा खिळा वाटेतली सर्वांत ओली जागाच मोजतो. वरचा थर ओला असेल तर आत काय आहे ते कळतच नाही. आणि कुठेही टोचण्याआधी स्विचबोर्ड, गीझर, एसीचा पॉइंट बघा. वायर कुठून गेली असेल त्याचा अंदाज घ्या आणि मेन बंद करा.

हे सगळं कुठल्याही गावाला लागू आहे. खान्देशात काम करणाऱ्याने खरी धास्ती घ्यायची ती क्षारांची. आपलं बोअरचं पाणी जड. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा भाग, मुक्ताईनगरच्या बाजूने आपल्या जिल्ह्याला येऊन टेकतो. बांधकामाला पाणी हेच, क्युरिंगला पाणी हेच. भिंतीला पांढरी भुकटी येते, रंगाचे पोपडे सुटतात, आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला. त्या क्षारांमधून वीज फार सोपी जाते. भिंत जवळजवळ कोरडी असली तरी पिनवाला मीटर शेवटच्या आकड्याला जाऊन बसतो. चोपडा-यावलकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत तर मातीच्या भिंती, आणि शेजारी पिढ्यान्‌पिढ्या गोठा. गोठ्यातले नायट्रेटचे क्षार भिंतीत मुरलेले असतात आणि ते पावसाळी हवेतलं बाष्प स्वतःहून ओढून घेतात. घरातली म्हातारी सांगते, “ती भित बाराही महिना वलीच ऱ्हास.” (ओलीच राहते.) तिचं निरीक्षण बरोबर आहे. पण पाइप फोडून शोधाल तर गळती सापडणार नाही.

क्षारांची शहानिशा घरच्या घरी करता येते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणि टिपकागद घ्या. सारख्या आकाराचे दोन तुकडे त्या पाण्यात भिजवून निथळा. एक संशयाच्या जागी आणि एक स्वच्छ कोरड्या भिंतीवर दोन-तीन मिनिटं दाबून ठेवा. मग कागद काढून काचेवर ठेवा आणि पिना कागदाला लावा. दोन्ही कागद सारखेच ओले आहेत, तेव्हा आकडा सारखा यायला हवा. संशयाच्या जागेचा कागद खूप वर गेला तर त्याने क्षार उचललेत, आणि त्या भिंतीवरच्या तुमच्या पिनांच्या रीडिंगवर फार विसंबायचं नाही. प्रयोगशाळेचा निकाल म्हणून हे लिहू नका, ‘क्षारांची शक्यता, अधिक तपासणी आवश्यक’ एवढं लिहा. प्रकरण भांडणाला गेलं तर ड्रिलने आतली भुकटी काढून ती वजन करायची, भट्टीत १०५ अंशांना वाळवून परत वजन करायची, किंवा कॅल्शियम कार्बाइडची चाचणी करायची (भुकटीत कार्बाइड मिसळून सुटणाऱ्या वायूच्या दाबावरून पाणी मोजतात). तिथे क्षार फसवू शकत नाहीत. जिप्सम प्लास्टरची भुकटी मात्र १०५ अंशांना वाळवू नये. त्याच्या घडणीतलंच पाणी उडतं आणि कोरडं प्लास्टर ओलं ठरतं.

तपासणी कधी करता यालाही मीटरइतकंच महत्त्व आहे. आपल्याकडे पाऊस थोडा, ऊन फार. मे महिन्यात भिंतीचा वरचा थर भाजून निघालेला असतो. जुलैत गळणारी गच्ची तेव्हा मीटरवर साधूसारखी शांत. मालकाला घाई असते म्हणून तुम्हाला मे महिन्यातही जावं लागेल. तेव्हा रिपोर्टात वरच्या ओळीतच लिहा की तपासणी कोरड्या दिवसांत झाली, गच्चीवर पाणी साठवून बघितलेलं नाही, किंवा बघितलं असेल तर किती तास. जमलं तर ब्रिकबॅट कोब्यावर (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर) बांध घालून दोन दिवस पाणी उभं करा, आधी खालच्या स्लॅबची रीडिंग घ्या आणि नंतर त्याच खुणांवर परत घ्या. पॅरापेटच्या वाट्याखालचा (कठड्याच्या पायाशी केलेल्या गोलसर उताराखालचा) कोपरा विसरू नका, पाणी तिथूनच उतरतं.

आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट. नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येतं त्या दिवशी जमिनीतली टाकी भरते, मोटर लागते, वरची टाकी ओसंडते, आणि एरवी निवांत असलेल्या पाइपांत दाब येतो. पाणी नसलेल्या दिवशी तपासून आलात तर मुख्य पाइपची गळती तुम्हाला दिसणार नाही. वॉचमनला विचारा पाणी कधी आलं होतं, आणि ते रिपोर्टात लिहा. तारीख, वेळ, खोलीतलं तापमान आणि आर्द्रता (काही शेकड्यांत मिळणारं घड्याळवजा यंत्र पुरतं), शेवटचा पाऊस कधी, पाणी कधी. नवीन प्लास्टर किती दिवसांचं तेही लिहा. बांधकामात वापरलेलं पाणी सुकायला महिने लागतात. नव्या इमारतीत सगळ्याच भिंती सारख्या चढ्या येत असतील तर ती गळती नाही, घाई आहे. त्यावर इतक्यात रंग मारू नका एवढं सांगणं पुरे.

थर्मल कॅमेऱ्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या महिन्यात विचाराल. तो ओल बघत नाही, पृष्ठभागाचं तापमान बघतो. आपल्या कोरड्या हवेत ओली जागा चांगलीच थंड पडते, त्यामुळे आपल्याकडे तो छान चालतो. पण थंड दिसलेल्या प्रत्येक जागी पिना टोचाव्या लागतात. तेव्हा आधी मीटर, कॅमेरा धंदा चालल्यावर.

या सगळ्याला वजन कशामुळे आहे तेही लक्षात असू द्या. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. तुमचा कागद त्या तक्रारीला जोडला जाणार आहे. त्यावर खुणांसह भिंतीचं चित्र, कोरड्या जागेचा आकडा आणि मीटरचं नाव-मॉडेल असलं पाहिजे.

प्रश्न : ताई, आमचं घर धुळ्यात, तळमजला. एप्रिलपासून बेडरूमच्या खिडकीखालची भिंत ओली होऊन रंग फुगलाय. पेंटर म्हणतो बाहेरून तडा आहे, पूर्ण भिंतीला वॉटरप्रूफिंग करा, आणि आकडा मोठा सांगतोय. करून घेऊ का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : ताई, एप्रिलमध्ये धुळ्यात पाऊस कुठून आला? खिडकीत कूलर बसवलेला आहे ना? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावायला तयार आहे. कूलरच्या ट्रेचा काठ गंजतो, गवताच्या पॅडवरून पाणी मागे उडतं, स्टँड भिंतीकडे किंचित कललेला असतो, आणि ते पाणी खिडकीच्या पाटावरून आत झिरपतं. ओलीच्या काठाने पेन्सिलीने रेघ ओढा. चार दिवस कूलर बंद ठेवा, किंवा उकाडा सोसवत नसेल तर दुसऱ्या खिडकीत लावा. ओल रेघेच्या आत सरकली तर पेंटरला चहा पाजून परत पाठवा. स्टँड बाहेरच्या बाजूला कलता करा, पाटाला बाहेर उतार आणि खाली पाणी तुटायची खाच करून घ्या. भिंत पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे ऑगस्ट उलटेपर्यंत, रंग लावू नका. पावसात परत ओल आली तर मग तड्याचं बघू. आणि कूलरचं अर्थिंग आजच तपासून घ्या. ओल्या भिंतीला टेकलेला पत्र्याचा कूलर आणि अनवाणी पाय, यावर जास्त लिहायला लावू नका.

प्रश्न : माझ्या मामांच्या जिनिंगवर कापसाची ओल बघायचा मीटर आहे. तो घराच्या भिंतीवर चालेल का? नवीन घ्यायचा खर्च वाचेल.
— एक वाचक, धरणगाव

उत्तर : तत्त्व तेच आहे, दोन टोकांमधला विजेचा अडथळा. पण त्याचं कोष्टक कापसाचं. सीसीआय (केंद्र सरकारचं कापूस महामंडळ) हमीभावाने घेताना ८ टक्के ओल धरते आणि १२ च्या वर गेला की कापूस घेत नाही, तेव्हा त्या मीटरचं सगळं लक्ष त्या चार-पाच टक्क्यांत. शिवाय त्याची लांब सळई गंजीत खुपसायला केलेली, प्लास्टरवर धड टेकणारही नाही, आणि टेकवायला गेलात तर टोक बोथट करून ठेवाल. मामांचा मीटर मामांकडेच राहू द्या. वेचणीच्या दिवसांत तो चुकला तर क्विंटलमागे किती जातात ते त्यांनाच विचारा.